नानांचा ओके

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पाच मिनिटांत तीनदा "ओके सर" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा समोरच्या माणसाने हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, "काय तपासलंस?"

मला काही कळेना. "म्हणजे?"

"आत्ता ओके म्हणालीस ना? मी म्हटलं, हे स्टूल तुझं. तू म्हणालीस ओके. स्टूल बघितलंस?"

मी खाली वाकून स्टूल बघितलं. त्याचा एक पाय आखूड होता.

"हां. आता सांग."

"सर, डुगडुगतंय."

"मग दुसरं घे. आणि सर नको, नाना म्हण." एवढं बोलून त्यांनी पुन्हा चहा उचलला. मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी चक्रम माणूस गळ्यात पडला. संध्याकाळी मनवेलपाड्याला घरी गेल्यावर आईने विचारलं, कसं आहे ऑफिस? मी "ओके" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आईला वाटलं काहीतरी बिनसलंय.

ऑफिस कसलं, वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला तो एक गाळा होता. गॅसच्या शेगडीचं बटण आपण फिरवतो ना, त्याच्या मागे एक पितळेचा कॉक असतो. गॅस सोडतो आणि बंद करतो तो. ते कॉक आमच्याकडे बनत. तयार झालेला प्रत्येक कॉक हवेच्या नळीला लावून काचेच्या टाकीत पाण्याखाली धरायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर कॉक गळका. नाही आला तर त्यावर पंच मारून ठसा उमटवायचा. कोणी पास केला ते पुढे कळावं म्हणून तपासणाऱ्या प्रत्येकाच्या पंचावर वेगळी खूण असे. नानांची चांदणी होती. मला त्रिकोण मिळाला. ट्रे भरला की त्याला टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि पिवळा म्हणजे रीवर्क, दुरुस्त करून पुन्हा तपासायला आणा.

नाना त्या टाकीसमोर अठ्ठावीस वर्षं बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पाण्याने कायमची पांढरी पडली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की जो शब्द आपण मालावर लावतो, तो दिवसभर तोंडी लावणं म्हणून वापरायचा नाही. ते स्वतः कधी वापरत नसत. शेठने काही सांगितलं तर "ऐकलं". कोणी निरोप दिला तर "पोचवतो". लेकीचा फोन आला तर "बरं गं". ओके फक्त टाकीसमोर, तोही बारीक आवाजात, कॉक बाहेर काढताना. पाठीमागे सगळे त्यांना ओकेनाना म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत," म्हणायचे, "त्यांनी मला तपासलंय की नाही ते त्यांनी बघावं."

ते पश्चिमेकडच्या होळी गावचे. घरची वाडी होती, केळी आणि पालेभाज्या. वाडी भाऊ बघायचा. हे मात्र स्कूटरवरून रोज पुलापलीकडे पूर्वेला यायचे. डिकीत केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी असत, मोसमात रोज. पण त्यांच्या हातून सुकेळं सहजासहजी मिळायचं नाही. ते आधी एक स्वतः खायचे, डोळे मिटून, सावकाश. मग मान हलवली तर आमचं नशीब. एकदा मान हलली नाही आणि अख्खी जुडी घरी परत गेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी, नानांच्या बायकोने, फोन करून मलाच सुनावलं, "अगं, तुमच्या कारखान्यातून माझी सुकेळी रिजेक्ट होऊन यायला लागली. सांग त्यांना, ह्या घरी मालक मी आहे."

या एका शब्दाचं नानांना वेडच होतं. जुनी पाठकोरी चलानं ते जपून ठेवत आणि त्यांच्या मागे लिहीत, कोण कधी ओके म्हणालं आणि त्याचा अर्थ काय निघाला. शेठ म्हणाला ओके, अर्थ: आता जा. लेथवाला म्हणाला ओके, अर्थ: ऐकलंच नाही. लेक फोनवर ओके ओके ओके म्हणाली, अर्थ: बाबा, फोन ठेवा. एकदा मला त्यांनी डब्यातल्या भाजीबद्दल विचारलं आणि मी म्हटलं, "ओके-ओके आहे."

"म्हणजे चांगली?"

"नाही हो नाना. म्हणजे ठीकठाक. बेताची."

त्यांनी घास खाली ठेवला. "एकदा म्हटलं तर चांगलं, आणि दोनदा म्हटलं तर बेताचं? दुसरा असा शब्द दाखव मला, जो दोनदा म्हटला की अर्धा होतो." आणि चलान काढून लिहिलंसुद्धा.

लेकीच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हाची गोष्ट तर सगळ्या वसाहतीत फिरली. मुलाच्या वडिलांनी फोन केला, "मग नाना, आमच्याकडून ओके. तुमच्याकडून?" नाना म्हणाले, "आमच्याकडून होकार आहे. ओके पंचवीस वर्षांनी सांगतो." काकूंनी फोन हिसकावून घेतला म्हणून सोयरीक वाचली. जावई आता ती गोष्ट स्वतःच रंगवून सांगतो, आणि वर म्हणतो, "अजून पेंडिंग आहे मी."

शब्द आला कुठून, याचाही त्यांना शोध होता. गाळ्यात कोणी नवा माणूस आला, मशीन विकणारा असो की ऑडिटवाला, नाना पाणी द्यायचे आणि विचारायचे, "ओके कुठून आला, काही ठाऊक?" बहुतेक जण ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' सांगत. ते ऐकून नानांचं तोंड वाकडं व्हायचं. "तो ओके कोणी दिला, कशाला दिला, खाली सही नाही. पुढचं बोला." अशा रीतीने त्यांनी पाच-सहा उत्तरं जमवली होती. एकाने सांगितलं, अमेरिकेत रेल्वेचा एक कारकून होता, तो पार्सलांवर आपल्या नावाची दोन अक्षरं टाकायचा. दुसरा म्हणाला, सैनिकांच्या बिस्किटांच्या खोक्यावर बनवणाऱ्याची अक्षरं असत, बिस्किटं चांगली निघाली म्हणून शब्द रुळला. कोणी म्हणालं, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'असंच आहे' अशा अर्थाचा तसा शब्द आहे. कोणी म्हणालं, ग्रीक मास्तर पोरांच्या वहीत 'सगळं छान' लिहायचे, त्याची ही आद्याक्षरं. नानांना रेल्वेचा कारकून मनापासून पटला होता. "आपल्यातलाच माणूस. माल बघायचा आणि आपली खूण मारायची. त्याच्या नावाचा शब्द जगभर गेला."

आता मला गप्प बसता आलं असतं. पण मी पडले मोबाइलवाली. एका दुपारी शोधलं आणि मोठ्या तोऱ्यात त्यांना वाचून दाखवलं, की कारकून-बिस्किटं सगळ्या मागाहून रचलेल्या गोष्टी. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने गंमत केली होती. 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सगळं बरोबर', हे इंग्रजी शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि त्यांची चुकीची आद्याक्षरं घ्यायची, अशी तेव्हा त्यांच्यात टूम होती. त्यातलं हे एक. पुढे निवडणुकीत एका उमेदवाराच्या टोपणनावाची अक्षरं तीच निघाली, त्याच्या माणसांनी ती घोषणा केली, आणि शब्द टिकला. बाकीच्या गमती मेल्या.

नानांचा चेहरा उतरला. "म्हणजे थट्टा?"

"तसंच काहीतरी."

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मला फार वाईट वाटलं. कशाला नसत्या उचापती केल्या, असं झालं. ज्या शब्दावर माणसाने आयुष्य घालवलं, तो कोणीतरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात केलेला विनोद होता, हे सांगायची मला काय घाई होती? तिसऱ्या दिवशी सकाळी नाना स्कूटर लावताना एकटेच हसत होते. आत येऊन म्हणाले, "अगं, रात्रभर विचार केला. सगळं बरोबर आहे असं म्हणणाराच चुकीचं लिहीत होता! म्हणजे पहिल्या ओकेपासूनच तपासणाऱ्याची गरज होती की नाही?" त्या दिवशी त्यांनी ही गोष्ट लेथवाल्यापासून शेठपर्यंत प्रत्येकाला सांगितली. कारकून त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिला.

हे सगळं हसण्यावारी नेण्याचे दिवस होते. मग डोळ्यांचं सुरू झालं.

आधी लक्षात आलं ते टाकीचं पाणी बदलणाऱ्या मावशींच्या. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नानांना दिसत नाय गो पोरी. पान्यात नाक घालून बसतात. मी पानी बदललं तरी इचारतात, पानी गढूळ का?" मी हसून उडवून लावलं. पण त्याच आठवड्यात ऑडिटसाठी मी तयार मालातले दहा कॉक उचलले आणि सहज पुन्हा पाण्यात धरले. आठव्यातून बुडबुडा आला. बारीक, पण आला. बाहेर काढून बघितलं तर त्यावर चांदणी.

शेठला सांगितलं तर नाना दुसऱ्या दिवशी घरी. साठी उलटलेल्या माणसाला त्याने ठेवलं होतं ते फक्त त्या चांदणीच्या भरवशावर. आणि नानांनाच सांगितलं तर? ज्याचा ओकेच खोटा निघाला, त्या नानांजवळ उरणार काय? मी गप्प बसले. दुपारी जेवण झालं की नाना खुर्चीत अर्धा तास डोळे मिटून पडत. तेवढ्या वेळात मी त्यांचे सकाळचे ट्रे पुन्हा तपासू लागले. गळके निघाले की गुपचूप पिवळ्या ट्रेमध्ये टाकायचे. संध्याकाळचे ट्रे ते घरी गेल्यावर. तीन आठवडे मी हे केलं आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

एका दुपारी मी कॉक पाण्यात धरून बसले होते आणि मागून आवाज आला, "तो ट्रे माझा आहे."

नानांनी हात पुढे करून तो कॉक घेतला, चांदणीवरून अंगठा फिरवला. मग पिवळ्या ट्रेमध्ये हात घातला आणि एकेक चांदणी अंगठ्याने चाचपून बाजूला ठेवली. चार निघाल्या.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"त्याआधीचे?"

त्याआधीचे माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी फक्त नानांना वाचवत होते. ते कॉक कधीच गिऱ्हाइकाच्या भिवंडीच्या गोदामात जाऊन पडले होते. तिथून शेगड्यांत, आणि शेगड्यांतून कोणाच्या तरी ओट्यावर. हे माझ्या लक्षात आलं तसं मला रडू फुटलं. मी म्हटलं, "नाना, तुम्हाला घरी बसवतील म्हणून मी..."

मी त्यांना रागावलेलं कधी बघितलं नव्हतं. तेव्हा बघितलं. आवाज मात्र नेहमीएवढाच होता. "माल तपासलास, चांगलं केलंस. पण मला? मला तू न तपासता ओके दिलास. मी आवडतो म्हणून. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी बोललो नसतो. तुला मी शिकवलंय."

ते वाक्य मला अजून बोचतं. मी प्रेमाने केलं होतं, आणि ते प्रेम त्यांना नको होतं असं नाही. पण त्यांना आधी कोणीतरी खरं सांगायला हवं होतं, आणि ते सांगण्याजोगी जवळची त्या गाळ्यात मी एकटीच होते.

तोंड धुऊन आले तर नाना म्हणाले, "पन्नास कॉक घे. पाच गळके मिसळ, कुठले ते तूच लक्षात ठेव. मला तपासायचं."

"नाना, राहू द्या ना. डॉक्टरला दाखवू."

"आधी टेस्ट."

त्यांनी पन्नास कॉक एकेक करून पाण्यात धरले. दीड तास लागला. मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पाचांतले दोन त्यांनी काढले. तीन सुटले. आणि एक चांगला कॉक उगाच गळका म्हणून बाजूला ठेवला. मी आकडे सांगितले. त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "टॅग लिही."

"कसला टॅग?"

"माझा. रंग तू ठरव. तपासणारी तू आहेस."

मी पिवळा घेतला. त्यावर लिहिलं. वस्तू: नाना. दोष: डोळे. निर्णय: रीवर्क. खाली माझी सही. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला, शर्टाच्या बटणाला बांधला आणि तसेच शेठच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग.

"अरे नाना, ये क्या लटका के घूम रहे हो?"

"माझं रीवर्क आहे शेठ. मोतीबिंदू असणार. ऑपरेशन करून येतो. तोवर चांदणी कपाटात, टाकीवर ही बसेल. आणि दिसेनासं झाल्यापासूनचे मागचे दोन लॉट परत मागवा."

शेठ खूप चिडला. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणाला, आपली अब्रू जाईल म्हणाला. नाना टॅग बांधून तसेच उभे. शेवटी शेठ खाली मान घालून म्हणाला, "अट्ठाईस साल में पहली बार आप माल वापस मंगा रहे हो. मंगाता हूं." गोदामातले आणि शेगड्यांत बसवलेले सगळे कॉक परत आले. ते मी आणि मावशींनी दहा दिवस डोळ्यांत तेल घालून तपासले. त्यात आणखी नऊ गळके निघाले. एकही कोणाच्या घरापर्यंत पोचला नव्हता, हे कळलं तेव्हा मी शेठच्या केबिनमधून धावत मावशींकडे गेले.

ऑपरेशन झालं त्या दिवशी मी दवाखान्यात होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ओके काका, सक्सेसफुल." नाना एका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. तिथूनच म्हणाले, "आत्ताच तर पट्टी बांधलीत. ओके उद्या सांगा." काकूंनी कपाळाला हात लावला. "डॉक्टर, तुम्ही नका मनावर घेऊ. आमच्या घरी हे असंच आहे." महिन्याभराने दुसरा डोळा झाला. मी अधूनमधून होळीला जायचे. नाना काळा चष्मा लावून पडवीत बसलेले असत आणि टाकीवर काय चाललंय ते खोदून खोदून विचारत. किती ट्रे, किती गळके, घाई तर करत नाहीस ना. मी सगळं सांगायचे. आता त्रिकोण एकटाच चालत होता. ती जबाबदारी मला झेपतेय असं मला वाटायला लागलं होतं, थोडी घमेंडही आली होती.

दोन महिन्यांनी ते गाळ्यात आले. शेठने हार आणला होता. नानांनी हार मावशींकडे दिला आणि मला म्हणाले, "पन्नास घे."

मी माझ्याच पास केलेल्या ट्रेमधले पंचेचाळीस कॉक घेतले, लाल ट्रेमधले पाच गळके मिसळले, आणि त्यांची जागा मनात पक्की केली. या वेळी गाळ्यातली सगळी मशीनं बंद करून माणसं भोवती जमली. शेठसुद्धा बाहेर आला. नाना सरळ बसले होते, पाण्यात नाक न घालता. पहिला गळका काढला, दुसरा, तिसरा. चौथा काढला तेव्हा मावशींनी माझा दंड धरला. पाचवा काढला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांब," नाना म्हणाले. "अजून सहा राहिलेत."

शेवटून दुसरा कॉक त्यांनी पाण्याखाली धरला आणि धरूनच ठेवला. इतका वेळ, की शेठ पाय बदलून उभा राहिला. मग कॉक बाहेर काढून गळक्यांत ठेवला. उरलेला एक बघितला, तो पास केला, आणि हात पुसले. "सहा."

मी पाचच मिसळले होते. म्हणजे पुन्हा एक चांगला कॉक त्यांनी उगाच काढला होता. आता हे सगळ्यांसमोर सांगायचं कसं? पण न तपासता मी आता काहीच म्हणणार नव्हते. तो सहावा कॉक मी स्वतः घेतला आणि पाण्यात धरला. काहीच नाही. मी मनात आकडे मोजू लागले. वीस, तीस, चाळीस. मग कॉकच्या अगदी बुडाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगला, तिथेच चिकटून राहिला, आणि सुटून वर आला.

मी कॉक उलटा करून बघितला. त्यावर त्रिकोण होता.

भोवती सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हिरवा टॅग घेतला, लिहिलं, वस्तू: नाना, निर्णय: ओके, सही केली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हात लांब धरून, चष्मा न लावता वाचला. मग कपाटातून चांदणी काढून आणली. मी आतून माझे त्या आठवड्याचे सगळे ट्रे ओढत टाकीपाशी आणले आणि पहिल्या कॉकपासून सुरुवात केली. नाना शेजारी स्टूल घेऊन बसले आणि दुसऱ्या टोकाने त्यांनी सुरुवात केली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. स्वतःची चूक निघाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.